पाठीतली रोपवाटिका

रत्नागिरी जिल्ह्यात तालुके नऊ. मोजणी खात्यातल्या नोकरीत मी ते सगळे साखळी ओढत पालथे घातले आहेत, आणि म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहितो की स्वतःच्या पाठीशी गप्पा मारणारा माणूस या नऊ तालुक्यांत एकच होऊन गेला. तो माझ्या मुलीचा सासरा होता. माणसं देवाशी बोलतात, बैलाशी बोलतात, आमच्या कचेरीतले एक गृहस्थ तर बंद पडलेल्या पंख्याशी बोलत. पण रोज सकाळी पडवीत उघड्या अंगाने उन्हाकडे पाठ करून बसायचं आणि मान जराशी वळवून खांद्यावरून मागे, "काय मंडळी, उठलात की नाही? उन्हं कासराभर वर आली," असं विचारायचं, हे मी आमच्या व्याह्यांखेरीज कोणाकडे पाहिलं नाही. उत्तर येत असे की नाही ते मला माहीत नाही. ते मात्र क्षणभर थांबत आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवत.

व्याही आंब्याची कलमं बांधत. पावसहून पूर्णगडला जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत त्यांचं घर आणि घरामागे काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा. कलम म्हणजे काय ते कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. रायवळ, म्हणजे साध्या गावठी, आंब्याची कोय रुजवायची. तिला तांबूस कोवळा कोंब आला की तो वरून छाटायचा. हा झाला खुंट. त्याला मधोमध चीर द्यायची, तीत हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळायची. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. व्याह्यांच्या मते जगातला कुठलाही प्रश्न एवढ्यात सुटत असे. छत्रीची मूठ मोडली की ते जुन्या काठीचं टोक पाचर मारून बसवत. विहीणबाईंची पळी, देवघराची घंटा, रेडिओची खुंटी, घरातली एकही वस्तू वरून खालपर्यंत एका जातीची नव्हती.

मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्या वृंदेला एकही प्रश्न विचारला नाही. चहा ठेवला तसा टाकून सरळ आमच्या परसात गेले, तिथल्या रायवळ आंब्याच्या बुंध्यावर चार थापा मारल्या, अंगठ्याने साल दाबून पाहिली आणि आत येऊन म्हणाले, "पसंत आहे. झाडाला वाळवी नाही." माझ्या घरात यावरून दोन दिवस अबोला होता. मग लग्नाच्या बोलणीत म्हणाले, "मला दुसरं काही नको. या झाडाच्या दोनशे कोयी द्या, पण ताज्या हव्यात." लग्न मे महिन्यात, तेव्हा पंगतीला चोखायला रायवळ आंबे ठेवले आणि कोय टाकायला प्रत्येक रांगेच्या टोकाशी वेगळी टोपली. मी दोनशे बारा कोयी मोजून दिल्या, बारा खराब निघाल्या तर म्हणून. वरातीच्या जीपमध्ये नवरानवरीच्या पायाशी ती ओली गोणी होती आणि व्याही ड्रायव्हरला सांगत होते, "हळू घ्या हो, आत दोनशे जीव आहेत. हे दोघं वेगळे."

इथे माझ्या स्वभावाबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण पुढचा घोटाळा त्यातूनच झाला. मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने व्याह्यांसमोर पाय पसरून बसू नये, त्यांचं बोलणं तोडू नये आणि 'असं करा, तसं करा' असं तर कधीच म्हणू नये, हे माझ्या वडिलांनी मला शिकवलं. व्याह्यांनी यातलं काही मागितलं नव्हतं. ते मला 'मोजणीदार' म्हणून हाक मारत आणि खांद्यावर हात टाकून बोलत. पण मी नियमाचा माणूस. त्यांच्या घरी मी आठ वर्षांत पाठीमागे लोड घेतला नाही.

लग्नानंतरचे पहिले दोन महिने वृंदा रडत असे. जावई अलोऱ्याला नोकरीला, शनिवारी यायचे. शेजारणी समजूत घालायला आल्या की व्याही त्यांना अंगणातूनच परत पाठवत. "नवं कलम आहे. सारखं हात लावून, धरलं का, धरलं का, असं बघायचं नसतं." तिला ते काही सांगत नसत, विचारत नसत. फक्त रोज सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी एक ताजी काडी ठेवून जात, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिसऱ्या महिन्यात तिने आपण होऊन विचारलं, "मामंजी, हिचं काय करायचं?" तेव्हा विहीणबाईंना म्हणाले, "धरलं हो."

काडी बांधायच्या लायकीची आहे की नाही ते पाहण्यासाठी कलमवाले तिचा रंग बघतात, डोळा किती फुगलाय ते बघतात. व्याही डोळे मिटत. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात काडी गोल फिरवत आणि सांगत: "ही कालची. ही परवाची, दुपारी काढलेली. ही चोरलेली." शेवटचं कसं कळे ते मला त्यांनी सांगितलं नाही. एकदा मी मुद्दाम दहा काड्यांना क्रमांक लावून कागदावर खरी उत्तरं लिहून ठेवली. दहांपैकी नऊ बरोबर आली. दहावीबद्दल ते म्हणाले, "तुमचा कागद चुकलाय." आणि तोच चुकला होता.

नव्याण्णव सालच्या मे महिन्यात, शेवटचे आंबे उतरवताना व्याही झाडावरून घसरले. उंची फार नव्हती, माझ्या अंदाजाने अकरा फूट. पण येताना मोडक्या फांदीचा खुंट उजव्या दंडात घुसला, कोपराच्या वर दोन बोटं. रक्त थांबलं, जखम भरण्यासारखी होती. पण अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट, तिन्ही जणू दुसऱ्या कोणाची. कोल्हापूरच्या तरुण डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तुटलेली नस, म्हणजे रक्ताची नव्हे, संवेदनेची, सूक्ष्मदर्शकाखाली टोकाला टोक लावून शिवली. व्याह्यांचा शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न: "पाचर मारलीत की नुसतं जोडलंत?"

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की शिवली तरी खालची जुनी तार मरते. वरून नवी तार त्या रिकाम्या वाटेने वाढत येते, पहिला महिना गेल्यावर रोज साधारण एक मिलिमीटर. हातावर बोटाने हलकेच टिचक्या मारत जायचं. जिथे टिचकी मारल्यावर अंगठ्यात झिणझिण्या गेल्यासारखं वाटेल, तिथपर्यंत तार आली असं समजायचं. दुसरी गोष्ट त्यांनी सहज, जाता जाता सांगितली. "काका, तार हातात तुटली तरी खबर पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत जाते. त्याच्या मधोमध एक बारीक नळी आहे. तिच्या अस्तरात काही पेशी असतात, मूळपेशी म्हणा. एरवी झोपल्यासारख्या. इजा झाली की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन होऊ लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसायला लागलंय. पूर्वी आम्हांला शिकवायचे की तिथे नवं काही उगवतच नाही."

व्याही खाटेवर उठून बसले. "सुप्त डोळे!"

"काय?"

"अहो डॉक्टर, खोडावर सालीखाली डोळे झोपलेले असतात. वर्षानुवर्षं दिसत नाहीत. वरची फांदी छाटली की उठतात. म्हणजे माझ्या पाठीत रोपवाटिका आहे आणि मला साठाव्या वर्षी कळतंय!"

डॉक्टर हसले. इतकं सोपं नाही, अजून पुष्कळ कळायचंय, असंही म्हणाले. ते वाक्य मी ऐकलं. व्याह्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी पाठीची जी बडदास्त ठेवली ती मी नोंदवून ठेवली आहे. रोज सकाळी वीस मिनिटं ऊन, त्याहून अधिक नाही, कोवळं रोप करपतं. खुर्चीला टेकायचं नाही. एसटीत पूर्णगड ते रत्नागिरी ताठ बसायचं, एकदा कंडक्टरने विचारलं, "आजोबा, सीट खराब आहे काय?" तर म्हणाले, "सीट चांगली आहे हो. मागे माणसं कामाला लागलीत." कोणी आपुलकीने पाठीवर थाप मारायला आला की हे चपळाईने बाजूला. रोपांना खळखळून पाणी घालायचं नसतं म्हणून चहासुद्धा घोट घोट. आणि पाहुणा आला तरी सकाळच्या उन्हाची वेळ मोडत नसल्यामुळे पाहुण्याला व्याह्यांच्या पाठीशीच बोलावं लागे. विहीणबाई बशी हातात धरून विचारत, "चहा कोणाला देऊ? पोटाला की पाठीला?" आणि मला म्हणत, "व्याही, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. तोंड करून कधी धड बोलले नाहीत. आता पाठ करून गुलुगुलु बोलतात, तेही दुसऱ्यांशी."

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. कोयींची कलमं आषाढ-श्रावणात बांधतात. त्या वर्षीचा हंगाम हात गळ्यात बांधून गेला. रोपं गड्यांनी बांधली आणि निम्मी मेली. पुढच्या आषाढात आपल्या अंगठ्याने काडी पारखायची आणि आपल्या हाताने बांधायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. "एक हंगाम गेला तर माणूस आजारी," म्हणायचे. "दोन गेले तर निवृत्त."

मोजणी माझ्याकडे आली. दर रविवारी मी पहिल्या एसटीने जाई. व्याही पडवीत बसत, मी टिचक्या मारत जाई, झिणझिण्या लागल्या की ते "हां!" म्हणत. तिथे मी शाईचा ठिपका देई आणि जखमेच्या व्रणापासून ठिपक्यापर्यंत फीत धरून आकडा वहीत लिही. व्रणापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत बेचाळीस सेंटीमीटर. हा आमचा शेवटचा दगड. सुरुवातीला आकडे मुंगीच्या पावलाने सरकले. मग भाद्रपदापासून जोर धरला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या साठ दिवसांत तार नऊ सेंटीमीटर पुढे आली. रोज दीड मिलिमीटर! डॉक्टरांच्या दीडपट. ऑक्टोबरअखेर ठिपका बारा सेंटीमीटरवर होता. उरले तीस. दिवसाला दीडने दोनशे दिवस, म्हणजे पुढच्या मेच्या मध्यावर अंगठा. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा व्याही उठले, आत गेले आणि कलमांच्या सुरीला धार लावायला बसले, डाव्या हाताने.

"मोजणीदार," आतून ओरडले, "डॉक्टर तारेचं बोलला. त्याला माझ्या रोपवाटिकेचा हिशेब नव्हता धरता आला!"

त्याच आठवड्यात मी लांज्याजवळ एका उताराच्या जमिनीची मोजणी करत होतो. साखळी धरणारे आमचे शिपाई माझ्याहून सात वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले. त्यांनी दुसऱ्या टोकाला साखळी ढिली सोडली होती. मी नेहमीप्रमाणे ओरडलो, "ताणून धरा! बाक राहिला तर आकडा खोटा येतो!" आणि वाक्य संपायच्या आत मला रविवारची वही आठवली.

शस्त्रक्रियेनंतर व्याह्यांचा हात कोपरात वाकवून बांधला होता. पुढे पट्टा निघाला, व्यायामाने हात हळूहळू सरळ होत गेला. व्याही जसा हात पुढे करतील तसा मी मोजत गेलो होतो. सप्टेंबरमध्ये वाकलेला, ऑक्टोबरअखेर सरळ. वाकलेल्या कोपरावर फीत आखूड भरते, सरळ हातावर पूर्ण. म्हणजे नऊतला काही भाग तारेचा नव्हताच, कोपराचा होता. सव्वीस वर्षं मी गावोगावच्या लोकांना 'ताणून धरा' म्हणून दटावत आलो, आणि इथे मुलीच्या सासऱ्याला 'हात सरळ करा' एवढे तीन शब्द मला म्हणता आले नव्हते.

रविवारी गेलो. ठिपका दिला. मग धीर करून म्हटलं, "व्याहीबुवा, जरा... म्हणजे आपली हरकत नसेल तर... हात आधी होता तसा वाकवून धराल का?" त्यांनी धरला. मोजला. मग सरळ करायला सांगून पुन्हा मोजला. फरक तीन सेंटीमीटर. तिथेच सगळं सांगितलं. दोन महिन्यांत नऊ नव्हे, सहा. दीड नव्हे, एक. दोनशे दिवस नव्हे, तीनशे. मे नव्हे, ऑगस्टचा शेवट.

"म्हणजे हंगाम संपल्यावर," व्याही म्हणाले.

"होय."

 ते बाही खाली ओढून आत निघून गेले. वृंदा मला फाटकापर्यंत पोचवायला आली. "बाबा, सांगायलाच हवं होतं का?"

"आकडा चुकलेला होता गं."

"तो त्यांना लागू पडत होता," ती म्हणाली.

पुढचे दोन रविवार त्यांनी मला मोजू दिलं नाही. बोलले नेहमीसारखे, पावसाबद्दल, मोहराबद्दल. पण सकाळी उन्हात बसेनात. माणसासारखे तोंड करून खुर्चीत टेकून बसत आणि आल्यागेल्याची विचारपूस करत. एवढे शहाणे झालेले बघून सगळं घर घाबरलं. विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो व्याही, काहीतरी करा हो. पाठ फिरवून बसायचे तेव्हा घर हसतं होतं माझं."

नोव्हेंबरच्या शेवटी कोल्हापूरला दाखवायची तारीख होती. मी रजा काढून बरोबर गेलो. आंबा घाट चढेपर्यंत व्याही सीटला पूर्ण पाठ टेकून बसले होते. ती टेकलेली पाठ बघवत नव्हती. मी खिडकीबाहेरचे किलोमीटरचे दगड मोजत राहिलो.

डॉक्टरांना मी वही दाखवली, चूक दाखवली, दुरुस्त आकडे वाचले. त्यांनी स्वतः टिचक्या मारून पाहिलं आणि म्हणाले, "रोज एक? या वयात? अहो, मला याहून जास्त नकोच होतं. दीड बघून मलाच शंका आली असती." मी सुटकेचा श्वास सोडला. व्याह्यांनी सोडला नाही. त्यांनी खिशातून हात काढला आणि जे विचारायला ते खरं तर आले होते ते विचारलं.

"डॉक्टर, ती पाठीतली मंडळी. ती हातापर्यंत येतात ना?"

डॉक्टरांनी वही मिटली. खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाही काका. हातातली तार तिच्या स्वतःच्या जुन्या पेशीतून वाढते. त्या पेशी वेगळ्या. या ज्या जाग्या होतात ना, त्यांच्यातल्या बऱ्याचशा आधार देणाऱ्या, लिंपणाऱ्या पेशी होतात. काही व्रण धरतात. नवी नस त्यांच्यातून जवळपास होत नाही. त्या नेमकं काय साधतात ते आम्हांला अजून नीट कळलेलं नाही."

"पण उठतात?"

"उठतात. निदान उंदरांत तरी."

"इजा इथे झाली," व्याह्यांनी दंडाला हात लावला, "आणि जाग तिथे येते?"

"हो."

 व्याह्यांनी खुर्ची पुढे ओढली. डॉक्टरला कलमाचं शिकवायचं असलं की कोणताही कलमवाला असाच खुर्ची ओढील. "डॉक्टर, खुंटाला कधी कधी बांधल्या जागेच्या खालून फुटवा येतो. तांबूस, गोंडस असतो. आम्ही तो खुडून टाकतो. हापूस त्याला लागत नाही, आणि ठेवला तर वरच्या काडीचा घास खातो. पण नवीन माणूस असेल ना, त्याला मी सांगतो, खुडायच्या आधी नीट बघून घे. वरची काडी वाळली असेल, मेली असेल, पण खालून हा उठला, म्हणजे मूळ जिवंत आहे. पुन्हा बांधता येतं." त्यांनी बाही खाली केली. "एवढं कळलं तरी कलमवाल्याला पुरतं हो."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर आणखी पंधरा-सोळा पेशंट होते, मी मोजले होते. तरी त्यांनी विचारलं, "पट्टी किती दिवस ठेवता तुम्ही?" आणि दहा मिनिटं ऐकत बसले.

परतताना साखरप्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की व्याह्यांची पाठ आणि सीट यांच्यात चार बोटांचं अंतर आहे.

पुढचा आषाढ आला तेव्हा तार मनगटाच्या पुढे, तळहाताच्या सुरुवातीला होती. अंगठा मुका. दुसरा हंगामही गेला, असं आम्ही मनात धरलं होतं. पण पहिल्याच उघडिपीला व्याह्यांनी वृंदेला रोपांत बोलावलं, तिच्या हातात काडी दिली आणि स्वतः डोळे मिटून समोर पाटावर बसले.

"फिरव. कशी लागते?"

"मऊ."

"मऊ कशी गो? भेंडीसारखी की सोललेल्या कोलंबीसारखी?"

"मामंजी, मी कोलंबी डोळे मिटून नाही हो सोलत."

"आजपासून सोल. आता ही बघ."

"ही जरा... भेंडीसारखी. पण कालच्या भेंडीसारखी."

व्याह्यांचे डोळे उघडले. "ऐकलंत मोजणीदार? कालची भेंडी! हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही." त्या हंगामात तिने चाळीस कलमं बांधली, त्यांनी डाव्या हाताने पट्टीचं टोक धरलं आणि तोंडाने सतत दोष काढले. चाळीसपैकी तेवीस जगली. मी म्हटलं, निम्म्याहून जास्त. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी माझी नऊ जगली होती. बापाने चिंचेच्या फोकाने मारलं होतं. हिला कोण मारणार? हिचा बाप समोर बसलाय फीत घेऊन."

तळहातात तार रेंगाळली, ऑगस्टचा हिशेबही हुकला. दोन हजार एकच्या आषाढातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे पडवीत फीत काढली. व्याह्यांनी हात पुढे केला, किंचित वाकलेला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात सरळ करा!"

 विहीणबाई दारात थबकल्या. व्याही माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसायला लागले की खोकला आला. "आठ वर्षं! आठ वर्षं लागली या माणसाला धरायला! अगो, याला लोड दे कुणीतरी." मी लोड घेतला. मग टिचकी मारायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच अंगठ्याचं टोक माझ्या फितीच्या कडेवर टेकवलं आणि हसणं थांबवलं.

"गार आहे," ते म्हणाले.

लोखंडी फीत. गार होतीच.

अंगठा पूर्वीचा कधी झाला नाही, हे मी स्पष्ट लिहितो. गार-गरम कळे, टोचलेलं कळे, खरबरीत आणि गुळगुळीत यांतला फरक तीनपैकी दोनदा बरोबर येई. शर्टाचं बटण लावताना ते शेवटपर्यंत शिव्या देत. काडी कालची की परवाची ते मात्र वृंदेचा अंगठा सांगे. पण त्या दिवशी त्यांनी एक कलम स्वतः बांधलं. काडी वृंदेने पारखली, तासली डाव्या हाताने त्यांनी, चिरेत बसवताना उजव्या अंगठ्याने दाबून धरली, आणि पट्टी दोघांनी मिळून गुंडाळली.  त्यांनी मान वळवून खांद्यावरून मागे सांगितलं, "बघून ठेवा रे." खुंट कुठला, मी विचारलं. "तुमच्या परसातलाच," ते म्हणाले. "त्याच झाडाची कोय. दर वर्षी थोड्या नेतो मी. तुम्हांला न विचारता."

ते कलम पुढच्या पावसात माझ्या परसात लावलं, जुन्या रायवळाच्या पश्चिमेला साडेनऊ मीटरवर. दोन हजार सहा साली त्याला पहिले आठ आंबे आले. व्याही मुद्दाम आले, ताठ बसून, एसटीने. सात खाल्ले. आठवा उजव्या हातात धरून बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले आणि वृंदेच्या मुलीला दिला. सात सालच्या थंडीत ते गेले. रोपवाटिका वृंदा बघते. तिची शंभरातली पंचाऐंशी जगतात, आणि ती गड्यांना नव्हे, तर स्वतःलाच मोठ्याने दोष देत बांधते.

माझ्या परसातल्या कलमाला दर पावसाळ्यानंतर, सांध्याच्या खाली, एखादा तांबूस फुटवा येतो. हापूस त्याला लागायचा नाही. दिसल्याबरोबर खुडायचा, असा नियम आहे, आणि मी नियमाचा माणूस आहे. तरी तो मी रविवारपर्यंत ठेवतो. रविवारी सकाळी फीत घेऊन जातो, त्याची उंची मोजतो, वहीत लिहितो. मग कोणी बघत नाही ना ते पाहून हळूच विचारतो, "काय मंडळी, उठलात की नाही?"

उत्तर येतं असं मी लिहिणार नाही. पण खुडायच्या आधी क्षणभर थांबतो.